शाळेसाठी डनबारचा ऑपेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या शाळांमध्ये काही वर्षं मी एका छोट्या ऑपेरा मंडळीबरोबर पियानो वाजवत फिरले. चार गायक, एक पियानो, एक व्हॅन आणि पॉल लॉरेन्स डनबारच्या कविता. तेव्हापासून मराठी शाळा चालवणारे पालक, संगीत शिक्षक आणि पुण्या-मुंबईतले नाटकवाले मला त्याविषयी विचारत आले आहेत. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत.

हा डनबार कोण?

आफ्रिकन-अमेरिकन कवी. जन्म 27 जून 1872, ओहायोतलं डेटन शहर. आई मटिल्डा आणि वडील जोशुआ, दोघांनीही केंटकीत गुलामी भोगलेली. वडील पळून कॅनडात गेले आणि यादवी युद्धात परत येऊन उत्तरेच्या सैन्यातून लढले. डनबार डेटनच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये शिकला. त्याच्या वर्गात तो एकटाच काळा मुलगा होता. शाळा संपल्यावर कचेरीतलं काम मिळेना, तेव्हा तो एका इमारतीत लिफ्ट चालवू लागला. पहिला संग्रह स्वतःच्या जोखमीवर छापून घेतला आणि लिफ्टमधून जाणाऱ्या-येणाऱ्यांना एकेक डॉलरला विकला. 1896 मध्ये विल्यम डीन हॉवेल्स या बड्या समीक्षकाने त्याच्यावर लिहिलं आणि तो देशभर माहीत झाला. क्षयाने खंगून 9 फेब्रुवारी 1906 रोजी तो गेला. वय अवघं 33.

राइट बंधूंपैकी ऑर्व्हिल त्याचा शाळासोबती. 1890 मध्ये डनबारने काळ्या वाचकांसाठी ‘डेटन टॅटलर’ नावाचं छोटं वृत्तपत्र काढलं, ते राइट बंधूंच्याच छापखान्यात छापलं गेलं. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण प्रयोगात तिला दोन मिनिटांपेक्षा जास्त जागा देऊ नका. विमान एकदा आलं की कवितेकडे कोणी बघत नाही.

त्याच्याच कविता का? लँग्स्टन ह्यूज का नाही?

ह्यूज हा डनबारनंतरच्या पिढीतला काळा अमेरिकन कवी. तो जरूर घ्या. तो तर ऑपेराचा माणूसच होता. विल्यम ग्रँट स्टिल यांच्या ‘ट्रबल्ड आयलंड’ची संहिता मुख्यतः त्याची. न्यूयॉर्क सिटी ऑपेराने तो 1949 मध्ये रंगमंचावर आणला, आणि अमेरिकेतल्या मोठ्या ऑपेरा संस्थेने काळ्या संगीतकाराचा ऑपेरा सादर करण्याची ती पहिली वेळ होती.

मी डनबारकडे वळते ते दुसऱ्या कारणासाठी. त्याच्याकडे दोन आवाज आहेत. एक प्रमाण इंग्रजीतला, वृत्तबद्ध, अभिजात वळणाचा. दुसरा दक्षिणेतल्या मळ्यांवरच्या काळ्या माणसांच्या बोलीतला. जगाने दुसऱ्याला डोक्यावर घेतलं आणि पहिल्याकडे पाठ फिरवली. ही सल त्याला शेवटपर्यंत राहिली. एका माणसात दोन आवाज आणि त्यांच्यामधला ताण, याहून नाट्यमय सामग्री संगीतकाराला कुठून मिळणार? शाळेतली मुलंही घरी एक भाषा बोलतात आणि वर्गात दुसरी. त्यांना हा ताण समजावून सांगावा लागत नाही.

ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच ना?

नातं आहे, पण ते सख्ख्यापेक्षा चुलत म्हणावं असं. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभं केलं, तेव्हापासून आपल्याकडे संवाद बोलायचे आणि पदं गायची अशी रीत आहे. नट रंगला की पद लांबतं, वन्स मोअर मिळतो. ऑपेरात बोलणंसुद्धा बहुधा गाऊनच येतं, आणि कोणता स्वर किती वेळ धरायचा हे संगीतकाराने आधीच लिहिलेलं असतं. गायकाने आलाप वाढवला तर वाद्यवृंद पुढे निघून जाईल.

शाळेसाठी मी आपल्या रीतीकडे थोडं झुकायला सांगते. काही कविता नुसत्या बोला. सगळंच गायलं, तर पंधराव्या मिनिटाला मुलांच्या कानाला गाणं आणि बोलणं यांतला फरकच उरत नाही.

असं काम आधी झालं आहे का?

झालं आहे, आणि सुरुवात खुद्द डनबारने केली. 1897 मध्ये तो लंडनला गेला. तिथे त्याची सॅम्युएल कोलरिज-टेलरशी गाठ पडली. हा तरुण संगीतकार, वडील सिएरा लिओनचे, आई इंग्रज. दोघांनी मिळून कार्यक्रम केले, कोलरिज-टेलरने डनबारच्या कवितांना चाली लावल्या आणि 1898 मध्ये दोघांचा ‘ड्रीम लव्हर्स’ हा छोटेखानी ऑपेरा छापून आला. त्यात दोन पुरुष पात्रं, दोन स्त्री पात्रं आणि एक कोरस. आज शाळांमधून फिरणाऱ्या मंडळींचा आकार जवळजवळ हाच असतो. सव्वाशे वर्षांपूर्वी कवीनेच तो आखून ठेवला होता, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल मॅरियन कुकच्या संगीतावर ‘क्लोरिंडी’ हे संगीत नाटक आलं, शब्द डनबारचे. पुढे 1903 च्या ‘इन डहोमी’ या संगीत नाटकातली काही गीतंही त्याचीच. विल्यम ग्रँट स्टिल यांनी 1930 मध्ये रचलेल्या ‘आफ्रो-अमेरिकन सिंफनी’च्या चारही भागांना डनबारच्या ओळी जोडल्या. फ्लोरेन्स प्राइसने ‘सिंपथी’ या कवितेला चाल दिली. आणि डेटन ऑपेराने अॅडॉल्फस हेलस्टॉर्क यांच्याकडून कवीच्या नावाचाच ऑपेरा लिहून घेतला: ‘पॉल लॉरेन्स डनबार: कॉमन ग्राउंड’, साल 1995. म्हणजे वाट मळलेली आहे. मुलांच्या वयाला आणि शाळेच्या वेळेला बसेल असं काम मात्र आपलं आपल्यालाच करावं लागतं.

कविता निवडायच्या कशा?

मोठ्याने वाचून. मनातल्या मनात वाचलेली कविता फसवते. चार जणांना बसवा, प्रत्येकाला एक कविता मोठ्याने वाचायला द्या आणि कान उघडे ठेवा. ज्या कवितेत कोणी कोणाशी तरी बोलत आहे, ती बाजूला काढा. नुसत्या वर्णनाच्या कवितांना रंगमंचावर करायला काही नसतं.

माझ्या यादीत चार कविता कायम असतात.

‘सिंपथी’ पहिली. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची कविता. तीन कडवी, प्रत्येकी सात ओळी. आफ्रिकन-अमेरिकन लेखिका माया अँजेलो यांच्या आत्मचरित्राचं नाव हिच्यातूनच आलं, म्हणून ओळ माहीत असते, पण पूर्ण कविता फार थोड्यांनी वाचलेली असते. तिची बांधणी बघा. प्रत्येक कडवं ‘मला ठाऊक आहे’ने सुरू होतं आणि फिरून तिथेच येतं, आपल्या ध्रुपदासारखं. पहिल्या कडव्यात पक्ष्याला काय वाटतं, दुसऱ्यात तो गजांवर पंख का आपटतो, तिसऱ्यात तो का गातो. वाटणं, आपटणं, गाणं. कवीने तीन प्रवेश लिहूनच दिले आहेत. आणि तिसऱ्या कडव्यात तो स्वच्छ सांगतो की हे गाणं आनंदाचं नाही, ती प्रार्थना आहे. ज्या संगीतकाराने इथे गोड चाल लावली, त्याने कविता वाचलेली नाही.

डनबार वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोकरीला होता. त्याची पत्नी अॅलिस हिने नंतर लिहिलं आहे की पुस्तकांच्या मांडण्यांच्या लोखंडी जाळ्या पाहून त्याला पिंजऱ्याचे गज सुचले. बाहेर ऊन, आत पुस्तकांची कोरडी धूळ. नेपथ्याला आणखी काय हवं? आम्ही एका घडवंचीवर पुस्तकं रचून तिच्यापुढे तारेची जाळी उभी केली होती, तेवढं पुरलं.

‘वी वेअर द मास्क’ दुसरी. पंधरा ओळी, सगळ्या ‘आम्ही’च्या तोंडी. ही एका गायकाला देऊ नका, कोरसची आहे. ‘आम्ही मुखवटा घालतो’ ही शीर्षकाचीच ओळ दुसऱ्या कडव्याच्या शेवटी येते आणि पूर्णविरामाने थांबते. कवितेच्या शेवटी ती पुन्हा येते, तेव्हा तिच्यापुढे उद्गारचिन्ह आहे. त्या दोन चिन्हांमधलं अंतर ऐकू आलं पाहिजे.

तिसरी ‘व्हेन मलिंडी सिंग्ज’, चौथी ‘अँटी-बेलम सर्मन’, म्हणजे यादवी युद्धाआधीचं प्रवचन. या दोन्ही बोलीतल्या, त्यांच्याविषयी पुढे सांगते.

नुसत्या कविता एकामागून एक गायल्या तर तो ऑपेरा होतो का?

नाही, ते गाण्यांचं संमेलन होतं. धागा लागतो. पण धागा म्हणून कवीचं संपूर्ण चरित्र घेतलं तर दुसरी चूक होते. ‘मग त्याचं लग्न झालं, मग तो आजारी पडला’ असं निवेदन सुरू होतं आणि कविता मधल्या जाहिरातींसारख्या वाटू लागतात.

मला पटलेली युक्ती म्हणजे एकच जागा आणि एकच दिवस. लिफ्ट घ्या. दार उघडतं, माणूस आत येतो, वर जाईपर्यंत एक कविता. दार बंद. आईसाठी एक मजला, हॉवेल्ससाठी एक. लिफ्टही पिंजराच आहे, हे मुलांना तुम्ही सांगण्याआधी कळतं.

बोलीतल्या कविता घ्यायच्या की गाळायच्या?

सर्वांत जास्त पत्रं या प्रश्नावर येतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी वस्तुस्थिती. डनबार ओहायोत वाढला. मळ्यावरची बोली ही त्याची रोजची भाषा नव्हती. ती त्याने आईच्या तोंडून, तिच्या केंटकीच्या गोष्टींमधून कानात साठवली. बहिणाबाईंची लेवा गणबोली ही त्यांची स्वतःची, शेतात आणि चुलीपुढे बोललेली. डनबारची बोली ऐकलेली आणि घडवलेली आहे. दोन्ही कवींच्या बोलीला ‘शुद्ध’ करायला निघणं चुकीचंच, पण डनबारच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. त्या काळी गोरे लेखक आणि गोरे नट हीच बोली काळ्या माणसांची टिंगल करायला वापरत. म्हणजे तो ज्या वाद्यावर गात होता, ते आधीच इतरांनी बदनाम केलेलं होतं.

हॉवेल्सने स्तुती केली ती या बोलीतल्या कवितांची. पुढच्याच वर्षी डनबारने एका पत्रात लिहिलं की हॉवेल्सच्या त्या निवाड्याने आपलं कधीही भरून न येणारं नुकसान केलं. ‘द पोएट’ नावाची त्याची आठ ओळींची कविता आहे. कवीने आयुष्यावर, प्रेमावर गाणी गायली, पण जगाने कौतुक केलं ते मोडक्या भाषेतल्या एका खुळखुळ्याचं, असं तो तिथे म्हणतो.

म्हणून काही जण म्हणतात, कवीलाच ओझं वाटलेल्या कविता मुलांपुढे कशाला? माझं उत्तर असं: त्या गाळल्या तर आपण हॉवेल्सची चूक उलटी करतो. त्याने एक आवाज ऐकला, आपण दुसरा ऐकू. डनबारला दोन्ही ऐकवायचे होते. आणि बोलीतल्या कविता भोळ्या मुळीच नाहीत. ‘अँटी-बेलम सर्मन’मध्ये गुलामांपुढे एक धर्मोपदेशक बायबलमधली मोझेस आणि इजिप्तचा राजा फॅरो यांची गोष्ट सांगतो. देव आपल्या माणसांना सोडवतो, असं सांगता सांगता तो मध्येच थांबून म्हणतो, हे मी जुन्या काळाचं बोलतोय हं, आजचं नव्हे. समोरच्या प्रत्येकाला कळतं की तो आजचंच बोलतोय. मुखवट्याच्या कवितेत जे सांगितलं, ते इथे प्रत्यक्ष घडतं. दोन्ही कविता पाठोपाठ ठेवा, बोली आणि प्रमाण भाषा यांचं भांडण रंगमंचावरच मिटेल.

‘मलिंडी’ तर संगीतकाराची परीक्षाच आहे. मिस लूसी नावाची बाई पुस्तकात बघून सुरावटीचा सराव करतेय आणि बोलणारी व्यक्ती तिला सांगते, ते पुस्तक ठेव, मलिंडी गाते ते ऐक. पक्षीसुद्धा तिच्यापुढे गप्प होतात. ही मलिंडी म्हणजे डनबारची आई, असं मानलं जातं. आता नोटेशन लिहून बसवलेल्या ऑपेरात नोटेशनला बाजूला सारणारी कविता कशी गायची? आम्ही असं केलं: त्या ओळीला मी खरोखर वही मिटायचे आणि उठून बाजूला उभी राहायचे. पुढचं कडवं गायिका एकटी, साथीशिवाय गायची. कवितेच्या शेवटी जुन्या भक्तिगीताचा उल्लेख येतो, तिथे बाकीचे तिघे हळूच मागून गुणगुणत यायचे. प्रत्येक शाळेत त्या क्षणी खुर्च्यांचा आवाज थांबायचा.

बोलीतल्या ओळी कोणी गाव्यात? आमच्या गटात काळी मुलं नाहीत.

एकल भूमिका काळ्या गायकांनी कराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना बोलवा, मानधन द्या, तालमीत त्यांचं म्हणणं ऐका. तुमचा गट भारतीय मुलांचा असेल तर प्रमाण इंग्रजीतल्या कविता कोरसमध्ये गा आणि बोलीतल्या कविता जाणकार कलाकाराकडून ऐका. उच्चारांची नक्कल करायला मुलांना शिकवू नका. नक्कल हसू आणते, आणि ते हसू चुकीच्या जागी पडतं.

चेहरे रंगवायचे का?

नाही. कधीही नाही. अगदी ‘थोडंसंच’सुद्धा नाही.

अमेरिकेत 1830 नंतर मिन्स्ट्रेल नावाचे खेळ बोकाळले. गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या माणसांना मूर्ख, आळशी, नाचरं दाखवत. ही सक्ती इतकी पसरली की ‘इन डहोमी’चा मुख्य नट बर्ट विल्यम्स स्वतः काळा असूनही त्याला चेहऱ्यावर काजळी फासूनच रंगमंचावर उभं राहावं लागे. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनांत रंग फासून ‘आफ्रिकन नृत्य’ झालेलं मी पाहिलं आहे. बसवणाऱ्यांना हा इतिहास माहीत नव्हता, मनात वाईट काही नव्हतं. आता तुम्हाला माहीत आहे. मुखवट्याच्या कवितेतही पुठ्ठ्याचे मुखवटे नकोत. मुलांना फक्त तोंडावर हसू ठेवून गायला सांगा आणि शेवटच्या ओळीला ते उतरवायला सांगा.

ओळी कापल्या किंवा शब्द बदलले तर चालतं का?

कापायला हरकत नाही, पूर्ण कडवं कापा. अर्धी ओळ कापलीत तर यमक लोंबकळत राहतं. शब्द मात्र बदलू नका. एखादा शब्द आजच्या वर्गात नको वाटत असेल तर ती कविताच सोडून दुसरी घ्या. डनबारकडे कवितांची कमी नाही. गुपचूप बदललेला शब्द पुढे मुलांना मूळ पुस्तकात सापडतो आणि मग तुमच्यावरचा विश्वास जातो.

चाल लावताना मुख्य काळजी कशाची?

शब्द कळला पाहिजे. बाकी सगळं नंतर.

मराठी वृत्त मात्रांवर किंवा लघु-गुरूवर चालतं. इंग्रजी वृत्त चालतं आघातावर. डनबारच्या ओळींत हलकं-जड, हलकं-जड अशी पावलं पडतात. जड अक्षर तालाच्या जोरावर यायलाच हवं. समेवर चुकीचं अक्षर आलं की आपल्या कानाला जसं खटकतं, अगदी तसंच इंग्रजी कानाला तिथे खटकतं. आपल्याकडचे संगीतकार इंग्रजीला चाल लावताना नेमके इथे घसरतात.

दुसरी गोष्ट आवाजाच्या उंचीची. स्त्रीचा आवाज फार वर गेला की शब्दांतले स्वर वेगवेगळे ऐकू येत नाहीत, ‘आ’ आणि ‘ए’ सारखेच वाटतात. हा गायिकेचा दोष नव्हे, घशाच्या रचनेतच ते आहे. म्हणून ज्या शब्दावर कविता उभी आहे तो मधल्या पट्टीत ठेवा. वरची पट्टी ‘आह’सारख्या उद्गारांसाठी राखून ठेवा. ‘सिंपथी’त असे उद्गार तयारच आहेत.

ब्लूज वापरावा का, जॅझ वापरावा का, हेही विचारतात. डनबार गेला तेव्हा जॅझ या नावाने काही ओळखलं जात नव्हतं. त्याच्या आसपास रॅगटाइम हे पियानोवरचं उडत्या तालाचं संगीत होतं, चर्चमधली भजनं होती, गुलामगिरीतून आलेली भक्तिगीतं होती. तिथून सुरुवात केली तर पाया पक्का राहतो. पुढे तुमची मर्जी.

प्रयोग पंचेचाळीस मिनिटांचाच का?

शाळेची तासिका तेवढीच असते, आणि बस थांबत नाही. गायलेली कविता वाचलेल्या कवितेच्या दुपटी-तिपटीने वेळ घेते. त्यामुळे सहा-सात कवितांच्या पुढे जाऊ नका. शेवटची दहा मिनिटं मुलांच्या प्रश्नांसाठी सोडा.

शाळेत सभागृह नाही, जिम आहे. आवाज घुमतो.

घुमणारच. लाकडी जमीन, उघड्या भिंती. रंगमंच लांब भिंतीकडे मांडा, म्हणजे शेवटची रांग जवळ येते. व्यायामाच्या गाद्या मागे उभ्या करा. लय जरा कमी करा आणि व्यंजनं ठसठशीत म्हणा. मुलांना जमिनीवर बसवा, त्यांची अंगंच आवाज शोषून घेतात. माइक शक्यतो नको. चार फुटांवरून, यंत्राशिवाय आलेला माणसाचा आवाज अनेक मुलं आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असतात.

गुलामगिरीविषयी लहान मुलांना किती सांगावं?

खरं सांगावं, वयाला पेलेल एवढं. पहिली-दुसरीच्या मुलांना ‘माणसं माणसांना विकत होती, कवीच्या आई-वडिलांनाही मालक होता’ हे वाक्य नीट कळतं. अन्यायाची समज त्यांना आपल्यापेक्षा लवकर येते. ‘द हॉन्टेड ओक’ ही झुंडीने फाशी दिलेल्या माणसाची कविता हायस्कूलसाठी ठेवा, आणि तिथेही आधी शिक्षकांशी बोलून.

त्याचं खासगी आयुष्य?

डनबार पत्नीशी हिंसेने वागला, दारूच्या आहारी गेला, 1902 मध्ये दोघं वेगळी झाली. लहान मुलांच्या प्रयोगात हे आणायची गरज नाही. मोठ्या मुलांनी विचारलं तर लपवू नका. अॅलिस स्वतः चांगली लेखिका होती, तिला ‘कवीची बायको’ एवढंच करून सोडू नका.

शिक्षकांनी आधी काय करावं?

दोन कविता वर्गात मोठ्याने वाचाव्यात, बस. अर्थ सांगू नये. ज्या मुलाने ओळ आधी ऐकलेली असते, त्याच्या चेहऱ्यावर ती गाण्यात ओळखू आल्याचा जो उजेड पडतो, तो अर्थ सांगून ठेवला की पडत नाही. एका शाळेत शिक्षिकेने चौदा प्रश्नांची प्रश्नपत्रिका आधीच वाटली होती. मुलं सबंध प्रयोगभर मान खाली घालून उत्तरं लिहीत होती. मी पियानोवरून ते बघत होते आणि मला रडू येत होतं.

हक्क कोणाचे? परवानगी लागते का?

डनबारच्या कविता मुक्त आहेत, कोलरिज-टेलरचं संगीतही. हेलस्टॉर्क यांच्यासारख्या आजच्या संगीतकारांचं काम मुक्त नाही. त्याचं भाड्याने किंवा विकत मिळणारं लेखनच वापरा, झेरॉक्स नको. ह्यूजच्या बाबतीत देशाप्रमाणे फरक पडतो. अमेरिकेत त्या काळातलं छापील साहित्य प्रकाशनानंतर 95 वर्षांनी मुक्त होतं, म्हणून त्याचा 1926 चा पहिला संग्रह 2022 पासून खुला आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं मोजतात. ह्यूज 1967 मध्ये गेला, तेव्हा इथे 2028 च्या 1 जानेवारीपर्यंत थांबावं लागेल.

मराठीत भाषांतर करून गाता येईल?

प्रमाण भाषेतल्या कविता येतील. बोलीतल्या कवितांना वऱ्हाडी किंवा अहिराणीत आणण्याचा मोह होतो. मीही एकदा करून पाहिलं. ऐकायला झकास झालं, पण मलिंडी खानदेशची झाली आणि केंटकीचा मळा दिसेनासा झाला. तेव्हापासून मी बोलीतल्या कविता मूळ ठेवते आणि त्यांच्याआधी मराठीत चार वाक्यं सांगते.

मराठी मुलांनी हे का ऐकावं?

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्याग केला, त्यांना अर्पण केलं. त्या वर्षी डनबार एक वर्षाचा होता. गुलामीतून सुटलेल्या आईच्या मांडीवर तो खेळत होता आणि पुण्यात बसून कोणीतरी त्या सुटकेचा हिशेब आपल्या समाजाशी जोडत होतं. 1972 मध्ये मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिलं, तेव्हाही नजर त्याच दिशेला होती. हे नातं आपल्याच घरातलं आहे, मुलांना फक्त दाखवायचं आहे.

आमच्याकडे पियानो नाही, ऑपेरा गायक नाहीत. एक वर्ग आणि तीस मुलं आहेत. सुरुवात कुठून करू?

‘डॉन’ या कवितेपासून. अवघ्या चार ओळी. पांढऱ्या वस्त्रातला एक देवदूत झोपलेल्या रात्रीचं चुंबन घेतो, रात्र जागी होऊन लाजते, तोवर तो निघून गेलेला असतो. तिच्या गालावरची लाली माणसांना दिसते आणि ती तिला पहाट म्हणतात.

वर्गाचे दोन भाग करा. एका भागाने एकच खालचा सूर धरून ठेवायचा, तंबोऱ्यासारखा. दुसऱ्या भागाने पहिल्या दोन ओळी तीन-चार सुरांत, जवळजवळ बोलल्यासारख्या म्हणायच्या. तिसरी ओळ एका मुलीला द्या, जिचा आवाज वर्गात सहसा ऐकू येत नाही तिला. चौथी सगळ्यांनी मिळून. कवितेचा शेवटचा शब्दही ‘डॉन’च आहे. त्यातला ‘न’ गुंजत ठेवायला सांगा, ज्याचा श्वास संपेल त्याने थांबायचं. कोणीही हात करून थांबवायचं नाही. शेवटचं मूल थांबेपर्यंत तुम्हीही बोलू नका.